चालण्याची पाच मिनिटं

“अजून तीन मिनिटं आहेत.”

आवाज मुलीचा होता. शेजारच्याला सहज सांगावं तसा, अगदी स्वच्छ. दाराच्या अलीकडे उभ्या असलेल्या टिकटिक सरांनी सवयीनं मनगट वर केलं. अकरा सदतीस. चौथ्या तासाची बेल अकरा चाळीसला. बरोबर आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि नुसतं आलंच नाही, तर जरा बरंही वाटलं. एखादं पोर इतकी नेमकी वेळ सांगतंय म्हटल्यावर टिकटिक सरांना बरं वाटणारच. तसे ते उपमुख्याध्यापक, पण त्यांची खरी ओळख म्हणजे वेळापत्रक. अठरा वर्ग, आठवड्याचे चाळीस तास, सातशे वीस चौकोन, आणि एकोणीस वर्षांत एकदाही एका शिक्षकाला एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवलेलं नाही. मुलांनी त्यांना टिकटिक हे नाव ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एरवी या वेळी ते आपल्या खोलीत चहा पीत बसलेले असायचे. पण आज संगीताच्या बाईंचा आवाज बसला होता, त्यांच्या जागी कोण जाणार याची चिठ्ठी घेऊन ते स्वतःच मागच्या इमारतीत आले होते. दाराला वरच्या अर्ध्या भागात जाळीची काच होती. त्या काचेतून त्यांनी पाहिलं आणि त्यांना वाटलेलं बरं जागच्या जागी थिजलं.

जिन्याच्या खालच्या पायरीवर मनगटी घड्याळ बांधलेली एक मुलगी बसली होती. तिच्यासमोर तीन मुलं, आणि मध्ये काखेत चित्रकलेचा फळा धरलेला सातवीतला एक बारकासा मुलगा. तिघांपैकी एकानं त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण अंगठ्यानं दाबलं. “दुसरा मजला.” तो मुलगा वळला आणि फळा सांभाळत पायऱ्या चढायला लागला. वर पोचल्यावर त्यानं “टिंग” असं म्हटलं. “नीट बोल!” खालून ओरड आली. “टिंग. दरवाजा उघडत आहे.” सगळे हसले. “आता तळमजला.” तो खाली आला. पुन्हा बटण. या खेपेला दाबून धरलं आणि पिरगाळलं. “अडकली रे लिफ्ट! धक्का मार.” मुलगी हसत नव्हती. ती घड्याळाकडे बघत होती. “दोन मिनिटं,” ती म्हणाली.

सरांनी दार उघडलं नाही. ते खोकले. चांगला मोठा, घसा खाकरल्यासारखा, रांगेत पुढच्यानं जरा सरकावं म्हणून माणूस खोकतो तसा. जिना क्षणात रिकामा झाला. मग अकरा चाळीसची बेल झाली, पुढच्या इमारतीतून चित्रकलेच्या बाई पदर सावरत आल्या, “काय सर, इकडे कुठे?” म्हणाल्या, आणि सरांनी हातातली चिठ्ठी त्यांना दिली. ती चिठ्ठी त्यांच्यासाठी नव्हतीच.

खोलीत येऊन ते बसले तेव्हा चहावर साय धरली होती. समोरच्या भिंतीवर त्यांचं वेळापत्रक. चार कार्डशीट जोडून केलेलं, प्रत्येक विषयाला एक रंग, प्रत्येक शिक्षकाला एक आकडा. सातवीच्या ओळीत रोज तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या मध्ये एक बारीक पांढरी पट्टी होती. ही पट्टी म्हणजे त्यांचा शोध. चित्रकला, प्रयोगशाळा, संगीत हे सगळं मागच्या इमारतीत. तिथवर जाईपर्यंत मुलांचा तास बुडायचा आणि शिक्षक कुरकुरायचे. तेव्हा सरांनी इकडून एक मिनिट, तिकडून दोन मिनिटं काढून पाच मिनिटं उभी केली. चालण्याची वेळ. सगळ्यांनी वाहवा केली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सभेत म्हणाल्या होत्या की यांच्या डोक्यात मेंदूच्या जागी चौकोन आहेत. आता सरांनी त्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं. आधीच्या तासाचे शिक्षक गेलेले, पुढच्या तासाच्या बाई अजून आलेल्या नाहीत. रोजची पाच मिनिटं, ती सातवीची मुलं कुणाचीच नव्हती. आपणच ती पाच मिनिटं कोरून दिली, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

टेबलावर काचेखाली एक अर्ज होता. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. काल त्या मुलाची आई येऊन गेली होती. ती पडदे शिवायची. बोटाला सुया टोचून टोचून खरखरीत झालेले हात तिनं टेबलावर ठेवले होते. “तो काहीच सांगत नाही सर,” ती म्हणाली. “नुसतं म्हणतो, ही शाळा नको. पण मी काय म्हणते, रोज एकच बटण कसं तुटतं? वरून दुसरं. मी स्वतः लावते, दुहेरी दोऱ्यानं, वर चार वेढे मारून. माझं बटण असं सुटत नाही हो. ते कुणीतरी काढतंय.” सरांनी तिला समजावलं होतं की मुलांचं असंच असतं, खेळताना निघतं, शनिवारपर्यंत थांबा, मी लक्ष घालतो. लक्ष घालतो हे आपण बोलण्याच्या ओघात बोलून टाकलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “शनिवारी येते मग,” ती म्हणाली. “दाखला तयार ठेवा.” एका बाईला दोऱ्यावरून जे कळलं ते आपल्याला सातशे वीस चौकोन लिहून कळलं नाही, असं वाटून त्यांनी साय बाजूला केली आणि गार चहा पिऊन टाकला.

आणि तो आवाज काही केल्या कानातून जाईना. अजून तीन मिनिटं आहेत. सर अकरा वर्षांचे होते तेव्हा वर्गात एकट्या त्यांच्याच हातात घड्याळ होतं. मामानं दिलेलं, पट्टा मोठा, त्याला खिळ्यानं दोन भोकं जास्तीची पाडलेली. त्या घड्याळामुळे त्यांना वर्गात जागा मिळाली. नाहीतर ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. मधल्या सुट्टीनंतर पुढचे मास्तर हमखास उशिरा यायचे, आणि तेवढ्या वेळात मागच्या बाकावरचे दांडगे एका मुलाचा पंखा करायचे. त्याला बाकावर उभा करायचे, हात पसरायला लावायचे, आणि कान पिळून एक, दोन, तीन असा वेग लावायचे. त्यानं तितक्या जोरात गरगर फिरायचं. पडला की सगळे म्हणायचे, लाइट गेली. दांडग्यांचा म्होरक्या दारातून विचारायचा, “किती राहिली?” आणि सर सांगायचे. चार. तीन. दीड. त्यांनी कधी त्या मुलाच्या अंगाला बोट लावलं नाही. पुढं मोठेपणी कुणी विषय काढलाच तर ते मनाशी म्हणत, आपण काही केलं नाही, आपण फक्त वेळ सांगायचो. शिवाय ते कधी खोटं बोलले नव्हते. मिनिट म्हणजे मिनिट. त्या वयातही त्यांना याचा अभिमान होता, आणि आज आठवताना तो अभिमान तसाच्या तसा, अगदी ताजा हाताला लागला, तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली.

बरं, याच्यावर त्यांच्याकडे एक औषधही होतं. नऊ-दहा वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरकडे बसलेले असताना शेजारच्या टक्कल पडलेल्या, गुबगुबीत माणसानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, “तुझ्याकडे घड्याळ होतं ना रे?” तो पंखा होता. दोन मुली, स्वतःचं रंगांचं दुकान, मजेत होता. एका गालाला सूज असल्यामुळे तो अर्ध्याच तोंडानं हसत होता. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं आपणहून विषय काढला. “तुझा मला फार आधार होता बघ. किती राहिलंय ते कळायचं. दीड मिनिट म्हटलंस की मी म्हणायचो, चला, दीडच. मनात आकडे मोजायचो.” सरांनी हे वाक्य घरी आणलं होतं आणि इतकी वर्षं जपून वापरलं होतं. मन खट्टू झालं की ते काढायचं, त्यावर डोकं टेकायचं, की झोप. पण आज खोलीत बसून त्यांनी ते काढलं तर ते पूर्वीसारखं मऊ लागेना. कारण आज पहिल्यांदा त्यांनी त्याच्या पुढचा विचार केला. चार मिनिटं राहिलेली असताना ‘एक’ म्हणायला आपल्याला काय झालं होतं? ‘आले, मास्तर आले!’ असं एकदा, फक्त एकदा ओरडायला? सगळे पळाले असते. मास्तर आलेले नसते, हे खरं. पण पळाले तर असते.

दुपारी त्यांनी त्या मुलीला बोलावलं. ती आली आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

“घड्याळ छान आहे,” सर म्हणाले. “कुणी दिलं?”

“आजोबांनी.”

“वेळ अगदी बरोबर असते तुझी. मी सकाळी ऐकलं.”

ती आधी खूश झाली, मग तिच्या लक्षात आलं, आणि चेहरा उतरला. “मी काही नाही करत सर. शप्पथ. मी फक्त वेळ सांगते.”

सरांनी आपली खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पंख्याचं, खिळ्यानं पाडलेल्या भोकांचं, दीड मिनिटाचं. आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं ते बारा वर्षांच्या पोरीला सांगून बसले. सांगताना आपण सल्ला देत नाही आहोत, कबुली देतो आहोत, असं त्यांना जाणवलं आणि गंमत म्हणजे हलकं वाटलं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

“मग तुम्ही खोटं का नाही सांगितलं?” तिनं विचारलं.

“तेच तर.”

“पण सर, खोटं सांगून काय उपयोग? मी म्हटलं बेल झाली, आणि बेल झालीच नाही, तर त्यांना कळणारच ना.” ती हळू आवाजात म्हणाली, “मग मला करतील लिफ्ट.”

“तू काहीच सांगू नकोस,” ते म्हणाले. “विचारलं तर म्हण, घड्याळ बंद पडलंय. बाकीचं मी बघतो.” ती मान हलवून गेली, पण जाताना तिनं घड्याळावर असा हात ठेवला की जणू तिला बंद घड्याळाची कल्पनाही सोसत नव्हती. ते सरांना पूर्ण समजलं.

संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून त्यांनी कोरी कार्डशीट पसरली, तेव्हा बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर लोकांना दोन वेळा, जेवणानंतर असं सांगून आल्यामुळे घरी तिला वेळेचं नाव काढलेलं चालत नसे. “वर्षाच्या मध्येच? अहो, जून महिन्यात तर केलंत ना? तुमच्या चौकोनांना आता दर महिन्याला बाळंतपण का?” सरांनी तिला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं. ती समोर बसली आणि खोडरबर हातात घेऊन फिरवत राहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात नवरा आपल्याला न सांगता काही बाळगून होता याचा राग येईल असं त्यांना वाटलं होतं, पण ती म्हणाली, “म्हणून तुम्ही पंखा पाचावर ठेवू देत नाही होय! आणि मी समजत होते, सर्दीची भीती.” दोघंही हसले. हसता हसता सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मग ती पेन्सिलींना टोक करून देत बसली. सातवीचे मागच्या इमारतीतले सगळे तास मोठ्या सुट्टीनंतर लगेच आणायचे, म्हणजे मुलं मैदानावरून थेट जातील आणि बाई आधीच दारात उभ्या असतील. बोलायला सोपं. पण त्यासाठी चित्रकलेच्या बाईंना जेवण आधी उरकावं लागत होतं, नववीचं गणित हलत होतं, गणित हललं की भूगोल कोसळत होता. एकशे चार चौकोन बदलले. ती पांढरी पट्टी त्यांनी सगळ्यात शेवटी खोडली. खोडल्यावर त्यांना इतकं प्रसन्न वाटलं की त्यांनी बायकोला म्हटलं, चहा मी करतो. आणि केलाही.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. त्यांना आधी प्रार्थनेच्या वेळी भाषण करावंसं वाटत होतं. “बाई, गेल्या वर्षी आपण दादागिरीविरुद्ध चित्रांची स्पर्धा घेतली होती,” सर म्हणाले. “आठवतंय?”

“हो तर. किती सुंदर चित्रं आली होती!”

“पहिलं बक्षीस त्या बटण दाबणाऱ्यालाच आहे.”

मोठ्या बाईंनी भाषणाचा विचार सोडला. मग त्या कामाला लागल्या. त्यांचं तसंच होतं, एकदा पटलं की पटलं. तिन्ही मुलांच्या घरच्यांना सोमवारी वेगवेगळं बोलवायचं, पोरांना सगळ्यांसमोर उभं करायचं नाही, आधी त्यांचंही ऐकायचं. वर्गशिक्षकांनी आठवडाभर मुलांमध्येच डबा खायचा. नवं वेळापत्रक सोमवारपासून. “आणि आज?” बाईंनी विचारलं. “आजची पाच मिनिटं आहेतच की.” “आज मी जातो त्यांच्याबरोबर,” सर म्हणाले.

आणि तेच नेमकं चुकलं. अकरा पस्तीसला ते खोलीतून निघाले, तर पुढच्या इमारतीच्या जिन्यात त्यांना चित्रकलेच्या बाईंनी गाठलं. बाईंना नव्या व्यवस्थेची कुणकुण लागली होती. “सर, मी काय घास कोंबून पळत यायचं का?” दीड मिनिट गेलं. सर मैदान ओलांडताना पळाले. एकोणीस वर्षांत त्यांना कुणी पळताना पाहिलं नव्हतं. पहिलीची काही पोरं खिडकीत येऊन बघायला लागली. मागच्या इमारतीच्या जाळीच्या दाराशी ते धापा टाकत पोचले तेव्हा आतून आवाज आलाच. “टिंग.” वरून, दमलेला. मग खालून, “ए घड्याळ, किती राहिली?”

सरांचा हात दाराच्या कडीवर होता. मनगट आपोआप वळलं. अकरा सदतीस. तीन, त्यांच्या मनानं सांगून टाकलं.

काचेतून मुलीचा अर्धा चेहरा दिसत होता. ती घड्याळाकडे बघत होती, आणि सरांना वाटलं, आता ती म्हणेल बंद पडलंय. पण तिनं तसं म्हटलं नाही. ती उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि एकदम ओरडली, “संपली! बेल होतेय! बाई आल्या, पळा!”

तिघंही पळाले. वर, चित्रकलेच्या हॉलच्या दिशेनं, दोन-दोन पायऱ्या एकदम. फळावाला मुलगा जिन्यात भिंतीला चिकटून उभा राहिला आणि ते त्याच्या बाजूनं निघून गेले. मग पहिल्या वळणावर त्यांतला एक थांबला. त्यानं कान दिला. सगळीकडे शांत होतं, दूर कुठल्या तरी वर्गात पाढे चालले होते. तो कठड्यावरून वाकला. “ए! झाली कुठे बेल?” मुलगी खालच्या पायरीशी तशीच उभी होती, आणि तिनं हातानं घड्याळ झाकून घेतलं.

दाराच्या उजव्या हाताला भिंतीवर बेलचं बटण होतं. आपोआप बेल वाजवणारं यंत्र बिघडलं तर म्हणून. त्याच्यावर लाल पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर सरांच्याच टपोऱ्या अक्षरात, ‘कुणीही हात लावू नये’. सरांनी पट्टी टराटरा फाडली आणि अंगठा दाबला. नेहमी बेल सात सेकंद होते. त्यांनी ती दाबूनच धरली.

सगळी शाळा हलली. बाकं सरकली, दारं उघडली, तास अर्ध्यात तोडून शिक्षक बाहेर आले आणि आपापल्या घड्याळांकडे बघायला लागले, कारण शाळेची बेल चुकते हे कुणाच्या मनातही येईना. भूगोलाचे मास्तर तर तिथल्या तिथे आपलं घड्याळ तीन मिनिटं पुढं करून मोकळे झाले. वळणावरचा मुलगा मुकाट वर गेला. सर आत आले. फळावाला मुलगा हळूहळू एकेक पायरी उतरत होता, आणि घड्याळवाली मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिच्या घड्याळात अकरा अडतीस झाले होते, हे तिला माहीत होतं, आणि सरांनाही.

“झाली बेल,” सर म्हणाले.

“हो सर,” ती म्हणाली. मग तिला हसू आलं, आणि ते आवरता आवरेना. फळावाल्या मुलाला काही कळलं नाही, पण थोड्या वेळानं तोही हसायला लागला.

मोठ्या बाई मैदानातून लगबगीनं आल्या. “सर! तुमची बेल? दोन-तीन मिनिटं आधी?”

“माझं घड्याळ पुढे गेलं होतं, बाई,” सर म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निघालेलं वेळेबद्दलचं पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. बाईंनी फाटक्या लाल पट्टीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. मग सर त्या दोघांबरोबर हॉलपर्यंत गेले. दर जिन्याला त्यांना दम लागत होता, आणि मुलं त्यांच्यासाठी थांबत होती.

शनिवारी शाळेला सुट्टी, फक्त ऑफिस उघडं. पडदे शिवणारी आई दहाच्या ठोक्याला आली, मुलगा तिच्या मागे. सरांनी तिला बसवलं आणि लिफ्टचं सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. ती चालण्याची पाच मिनिटं वेळापत्रकात कुणी घातली होती तेही सांगितलं. ऐकताना तिनं दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली होती. एकदा तिनं मुलाकडे पाहिलं, तेव्हा तो बुटांकडे बघत होता. “मी लक्ष घालतो म्हटलं होतं ते उगाच म्हटलं होतं,” सर म्हणाले. “आता घातलंय. तरी तुम्हाला दाखला हवा असेल तर मी आत्ता सही करतो. तुमचा हक्क आहे.” त्यांनी काचेखालचा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. सही करायला लागू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतही असणार.

आईनं अर्जावरून हात फिरवला. मग म्हणाली, “काल बटण शाबूत आलं.” आणि थोड्या वेळानं, “एका दिवसाचं काय सांगावं सर.”

“खरंय,” सर म्हणाले.

“काय रे?” तिनं मुलाला विचारलं. “तू बोल. शाळेत तुला जायचंय.”

मुलगा भिंतीवरचं नवं वेळापत्रक बघत होता. त्यानं सातवीची ओळ शोधली आणि बोट भिंतीला न टेकवता, हवेतच एकेक चौकोन मोजत पुढे नेलं. “सर, सोमवारी चित्रकला कितव्या तासाला?”

“पाचव्या. सुट्टी झाली की लगेच.”

“आणि चालायची पाच मिनिटं कुठे गेली?”

“ती काढून टाकली.”

मुलानं पुन्हा एकदा मोजून पाहिलं. खात्री झाल्यावर तो आईकडे वळला आणि म्हणाला, “फळ्याचा पट्टा तुटलाय. सोमवारच्या आत शिवून देशील?”

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. मग तिनं टेबलावरचा अर्ज उचलून उलटा केला आणि पर्समधून पेन्सिल काढली. “पाठ कोरीच आहे,” ती म्हणाली, “मापं लिहायला होईल.” आणि तिथंच बसून तिनं पट्ट्याची लांबी विचारून लिहून घेतली.